नाव कोणाचे, साक्ष कोणाची: कंटेनर आणि रिव्हर्स प्रॉक्सीचा तत्त्वविचार

वेब ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवले की त्याला कायमचा पत्ता राहत नाही. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या मूळ नेटवर्कमध्ये कंटेनरला बहुधा १७२.१७ ने सुरू होणारा खासगी आयपी पत्ता मिळतो आणि कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला की तो बदलू शकतो. ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर दुरुस्त करत बसत नाहीत. तो काढून टाकतात आणि नव्या इमेजमधून दुसरा उभा करतात. त्याची ६४ अक्षरांची ओळख वेगळी असते, त्याच्या आतल्या प्रक्रिया वेगळ्या असतात, पत्ताही वेगळा असू शकतो. बाहेरून येणाऱ्या माणसाला यातले काही कळत नाही. ब्राउझरमध्ये लिहिलेले नाव काल जिथे नेत होते तिथेच आजही नेते. ही दोन टोके जोडून ठेवण्याचे काम रिव्हर्स प्रॉक्सी करते. ते काम आपोआप व्हावे असे ठरवले की एक जुना तात्त्विक प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर उभा राहतो: वस्तू सतत बदलत असताना तिचे नाव कशाच्या आधाराने टिकते, आणि ते नाव तिचेच आहे हे कोणाच्या साक्षीने मानायचे?

रिव्हर्स प्रॉक्सीची रचना समजायला अवघड नाही. सर्व्हरचा सार्वजनिक आयपी पत्ता एक आणि बाहेरच्यांसाठी उघडे पोर्ट दोन: एचटीटीपीसाठी ८०, एचटीटीपीएससाठी ४४३. मागे मात्र वर्डप्रेस, नेक्स्टक्लाउड, गिटी अशी कितीतरी ॲप्लिकेशन्स चालू असतात. ती सगळी एकच पोर्ट धरू शकत नाहीत, म्हणून दोन्ही पोर्ट प्रॉक्सी धरते आणि आलेली विनंती कोणत्या नावाने आली आहे हे पाहून ती आतल्या योग्य कंटेनरकडे पाठवते. विनंतीतले हे नाव 'होस्ट' या शीर्षात असते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या प्रमाणकाने ते शीर्ष सक्तीचे केले. त्याआधी एका आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे ठेवण्याची भरवशाची सोय नव्हती. एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीत तीच अडचण राहिली होती, कारण प्रमाणपत्र कोणत्या नावाचे दाखवायचे हे सर्व्हरला आधीच कळायला हवे. ती २००३ मध्ये एसएनआय या विस्ताराने सोडवली आणि जोडणीच्या पहिल्याच टप्प्यात नाव सांगण्याची पद्धत आली. नाव पत्त्यापासून खऱ्या अर्थाने सुटे झाले ते या दोन बदलांनी.

हाताने लिहिलेली प्रॉक्सी या सुटेपणाचा पुरता फायदा घेऊ शकत नाही. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये लोकांसाठी खुल्या केलेल्या एंजिन-एक्सचे उदाहरण घेतले, तर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये मागच्या कंटेनरचे नाव लिहिता येते. पण साध्या मांडणीत ते नाव एंजिन-एक्स सुरू होतानाच पत्त्यात रूपांतरित होते आणि पुढे तोच पत्ता वापरला जातो. कंटेनर बदलला की प्रॉक्सी रिकाम्या जागी विनंत्या पाठवत राहते आणि पाहुण्याला '५०२ बॅड गेटवे' दिसते. ही चूक निदान दिसते तरी. मोकळा झालेला पत्ता डॉकरने दुसऱ्याच कंटेनरला दिला, तर एका नावाने आलेल्या माणसाला भलत्याच ॲप्लिकेशनचे पान मिळते आणि कुठेही त्रुटीची नोंद होत नाही.

डॉकर २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी लोकांपुढे आणले. पुढच्याच वर्षी जेसन वाइल्डर यांनी एंजिन-एक्स प्रॉक्सी नावाचा जो प्रकल्प केला, तो या अडचणीवरचे सर्वांत सुबोध उत्तर आहे. त्याच्या दोन भागांतला एक म्हणजे नेहमीचा एंजिन-एक्स. दुसरा, डॉकर-जेन, डॉकरच्या सॉकेटवर, म्हणजे डॉकरशी बोलण्याच्या वाटेवर, कान लावून बसतो. कंटेनर सुरू झाला, बंद पडला, की डॉकर तशी घटना जाहीर करतो. ती ऐकताच डॉकर-जेन चालू असलेल्या सगळ्या कंटेनरांची माहिती वाचतो, ज्यांच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये 'व्हर्च्युअल होस्ट' हे चल भरलेले आहे तेवढे निवडतो, एका साच्यातून नवी कॉन्फिगरेशन फाइल तयार करतो आणि एंजिन-एक्सला ती पुन्हा वाचायला सांगतो. ही वाचण्याची रीतही नीट पाहण्यासारखी आहे. मुख्य प्रक्रिया आधी नवी फाइल तपासते. फाइल सदोष असेल तर जुनीच चालू ठेवते. निर्दोष असेल तर नव्या कामगार प्रक्रिया उभ्या करते, आणि जुन्या कामगार प्रक्रिया नवीन विनंत्या घेणे थांबवून हातातल्या पुऱ्या करतात, मग निवृत्त होतात. प्रॉक्सीचे सगळे अंतरंग बदलते, तरी चालू असलेले एकही संभाषण तुटत नाही. ट्रेफिक हे अलीकडचे साधन यासाठी कंटेनरवरची लेबले वाचते आणि फाइल लिहिण्याच्या भानगडीत पडत नाही. कॅडी मुळात वेगळ्या पद्धतीचे आहे, पण जोडलेल्या मॉड्यूलमधून तेही डॉकरची लेबले वाचू शकते. साधन कोणतेही असो, कल्पना तीच: कंटेनरने आपले नाव स्वतः सांगायचे आणि प्रॉक्सीने ते मानायचे.

आता ओळखीचा प्रश्न. बौद्धांनी तो फार पूर्वी नेमकेपणाने मांडला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का, असा प्रश्न त्यात येतो. नागसेनाचे उत्तर असे की ती तीच नाही आणि वेगळीही नाही. एक मावळते, दुसरी उगवते, आणि प्रवाह अखंड राहतो. नैयायिकांनी याविरुद्ध प्रत्यभिज्ञा पुढे केली: 'हा तोच' असे जे आपण ओळखतो, तोच स्थिर वस्तू असल्याचा पुरावा. त्यावर बौद्धांनी दाखवले की कापून पुन्हा वाढलेल्या केसांनाही माणूस 'तेच केस' म्हणतो. ही ओळख निव्वळ सारखेपणातून येते, तिच्यामागे एकच टिकणारी वस्तू असावीच असे नाही. संकेतस्थळाला रोज भेट देणाऱ्याची प्रत्यभिज्ञा केसांसारखीच आहे. पान तेच, नाव तेच, म्हणून 'तेच संकेतस्थळ' असे तो म्हणतो. दरम्यान मागचा कंटेनर किती वेळा बदलला, याची त्याच्या ज्ञानात नोंद नसते.

इथे बौद्ध मत जिंकले असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते तितके सरळ नाही. नागसेनाच्या ज्योतीत मागची ज्योत पुढच्या ज्योतीचे कारण असते. क्षणांच्या प्रवाहाला संतान म्हणता येते ते याच कार्यकारणभावामुळे. आधीच्या क्षणाचा संस्कार पुढच्यात उतरतो. कंटेनरांच्या बाबतीत तसे काही घडत नाही. नवा कंटेनर जुन्यातून जन्मत नाही. दोघेही आपापल्या इमेजमधून निघतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. जुन्या कंटेनरच्या स्वतःच्या थरात काही लिहिले असेल तर ते त्याच्याबरोबर नष्ट होते. टिकते ते फक्त व्हॉल्यूममध्ये ठेवलेले, म्हणजे मुद्दाम बाहेर ठेवलेले. याचे वर्णन करायला बौद्धांच्या क्षणिकवादापेक्षा न्यायवैशेषिकांची जाती आणि व्यक्ती ही जोडी जवळची ठरते: इमेज ही जातीसारखी, कंटेनर ही व्यक्ती. तीही पूर्ण पुरत नाही, कारण जातीला भूतकाळ नसतो आणि ॲप्लिकेशनला असतो. खरे तर ओळख इथे तीन ठिकाणी वाटली गेली आहे. स्वभाव इमेजमध्ये, स्मृती व्हॉल्यूममध्ये आणि नाव प्रॉक्सीत. यांपैकी एकालाच 'खरे ॲप्लिकेशन' म्हणता येत नाही. म्हणूनच व्हॉल्यूम न जोडता कंटेनर बदलणाऱ्याला नाव आणि स्वभाव दोन्ही जसेच्या तसे दिसतात, आणि भूतकाळ मात्र गेलेला असतो.

यांपैकी नावाचाच प्रश्न सर्वांत नाजूक आहे. नाव आणि वस्तू यांचा संबंध कुठून येतो, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध उपजत आहे, कोणी केलेला नाही. नैयायिकांच्या मते तो संकेताने होतो: या शब्दाने ही वस्तू समजावी अशी इच्छा. प्राचीन नैयायिकांनी ती इच्छा ईश्वराची मानली. नव्यांनी माणसाने ठेवलेल्या नावांनाही त्यात जागा दिली. इंटरनेटवरची नावे उघडच दुसऱ्या पक्षाची आहेत. डोमेनची नोंदणी, डीएनएसमधली नोंद, कंटेनरवरचे चल, प्रत्येक पायरी म्हणजे कोणाची तरी इच्छा. आणि संबंध इच्छेने होत असेल तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: कोणाच्या इच्छेने?

स्वयंचलित प्रॉक्सीचे उत्तर असे की, ज्याचे नाव त्याच्याच इच्छेने. कंटेनर स्वतःविषयी जो दावा करतो तो ती पडताळत नाही. याचा परिणाम एंजिन-एक्स प्रॉक्सीत स्पष्ट दिसतो. दोन कंटेनरांनी एकच नाव सांगितले तर ती भांडण सोडवत नाही, दोघांनाही एकाच गटात घालून विनंत्या त्यांच्यात वाटते. हेतू चांगला आहे, कारण एकाच ॲप्लिकेशनच्या दोन प्रती चालवून भार वाटायचा असेल तर हेच हवे असते. पण तीच सोय चुकून राहिलेल्या चाचणीच्या कंटेनरलाही मिळते. मग अर्धे पाहुणे खऱ्या ॲप्लिकेशनकडे जातात आणि अर्धे अपुऱ्याकडे. एकाच सर्व्हरवर अनेक जणांना कंटेनर चालवू दिले असतील तर धोका आणखी वाढतो: कोणीही कोणाचेही नाव लावू शकतो. ट्रेफिक तर मूळ मांडणीत दिसेल तो प्रत्येक कंटेनर बाहेर उघडा करू पाहते. तो पर्याय बंद करून, ज्यावर स्पष्ट परवानगीचे लेबल आहे तेवढेच उघडावे, हे शहाणपणाचे. स्वतःचे नाव स्वतः सांगण्याची मुभा ही एकमेकांवर विश्वास असलेल्यांतच चालते, आणि ही अट कॉन्फिगरेशनमध्ये कुठे लिहिलेली नसते.

बाहेरच्या जगाला एवढ्याने समाधान नसते. तिथे नावाची साक्ष दुसऱ्याने द्यावी लागते, आणि ती म्हणजे टीएलएस प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या डिसेंबरपासून सर्वांना मोफत प्रमाणपत्रे देऊ लागली. ॲक्मे (एसीएमई) या तिच्या पद्धतीचे प्रमाणक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत रूढ पडताळणीत संस्था एक खूणचिठ्ठी देते, ती त्या नावाच्या सर्व्हरवर पोर्ट ८० वर एका ठरलेल्या जागी ठेवायची आणि संस्था बाहेरून येऊन ती वाचणार. एकाच वाटेने येणाऱ्याची फसवणूक होऊ शकते, म्हणून २०२० पासून ती जगातल्या अनेक ठिकाणांहून वाचली जाते. एंजिन-एक्स प्रॉक्सीसोबत हे काम ॲक्मे कंपॅनियन नावाचा कंटेनर करतो. ट्रेफिक आणि कॅडी स्वतःच करतात. मिळालेली प्रमाणपत्रे व्हॉल्यूममध्ये ठेवणे आवश्यक आहे. नाहीतर दर नव्या कंटेनरबरोबर पुन्हा मागणी जाते, आणि त्याच नावांच्या प्रमाणपत्राला सात दिवसांत पाचच वेळा मिळण्याची मर्यादा असल्याने संकेतस्थळ प्रमाणपत्राविना अडकते. जुळवाजुळव चालू असताना चाचणीसाठीचा वेगळा सर्व्हर वापरावा.

या प्रमाणपत्राने नक्की काय सिद्ध होते? ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः असते की दुसऱ्याकडून येते, हा भारतीय दर्शनांतला मोठा वाद. मीमांसक कुमारिलभट्टांचा युक्तिवाद असा: प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याने प्रमाणित करावे लागले तर त्या दुसऱ्याला तिसरा लागेल आणि अनवस्था ओढवेल. म्हणून ज्ञान स्वतःच प्रमाण मानावे, बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरेपर्यंत. नैयायिकांनी परतःप्रामाण्य धरले. प्रमाणपत्रांची सगळी साखळी परतःप्रामाण्यावर उभी आहे: संकेतस्थळाची ग्वाही मधली संस्था देते, मधल्या संस्थेची मूळ संस्था. पण साखळीच्या टोकाला जे मूळ प्रमाणपत्र असते त्यावर सही त्याचीच असते. ब्राउझर आणि संगणक बनवणाऱ्यांनी ते आपल्या यादीत ठेवले आहे, एवढाच त्याचा आधार. अनवस्था कुमारिलांनी सांगितली तिथेच थांबते, आणि त्यांच्या अटीसह: बाध येईपर्यंत. २०११ मध्ये डिजिनोटार या नेदरलँड्समधल्या संस्थेत घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र बाहेर पडले आणि ते इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरले गेले. तो बाध होता. ब्राउझरांनी संस्थेला यादीतून काढले आणि महिन्याभरात ती दिवाळखोर झाली.

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले जाते ते आप्ताचे, म्हणजे वस्तू प्रत्यक्ष जाणणाऱ्या आणि जाणले तसे सांगू इच्छिणाऱ्याचे. या कसोटीवर लेट्स एन्क्रिप्ट आप्त आहे, पण फार मर्यादित विषयात. तिने प्रत्यक्ष पाहिले ते इतकेच की, खूणचिठ्ठी वाचली तेव्हा हे नाव या सर्व्हरच्या ताब्यात होते. सर्व्हर चालवणारा सज्जन आहे की नाही, याविषयी ती काही बोलत नाही. कुलपाचे चिन्ह पाहून संकेतस्थळ विश्वासार्ह समजणारे तिच्या साक्षीत तिने न दिलेला अर्थ भरतात. शिवाय साक्ष जुनी होते. नावाचा ताबा बदलतो, म्हणून लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलेल्या नियमानुसार १५ मार्च २०२९ पासून कोणत्याही संस्थेचे सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त काळ चालणार नाही. इतक्या वारंवार होणारे नूतनीकरण हाताने करणे टिकणारे नाही. ते आपोआपच व्हायला हवे.

प्रॉक्सी स्वतःही एक आप्त आहे, आणि तिचा अधिकार कितीतरी मोठा आहे. एन्क्रिप्शन सहसा तिच्यापाशी संपते, म्हणजे पासवर्डासकट सारे तिला उघडे दिसते. मागच्या ॲप्लिकेशनला पाहुणा कधीच भेटत नाही. त्याला दिसतो तो प्रॉक्सीचा पत्ता. खरा पाहुणा कोण हे प्रॉक्सी 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या शीर्षात सांगते आणि ॲप्लिकेशन ते मानते. पण तेच शीर्ष पाहुणाही आधीच भरून पाठवू शकतो. प्रॉक्सीने आलेल्या मजकुरात फक्त भर घातली आणि ॲप्लिकेशनने त्यातला पहिला पत्ता खरा धरला, तर खोटे बोलणाऱ्याची साक्ष आप्ताच्या तोंडून येते. म्हणून प्रॉक्सीने बाहेरून आलेले शीर्ष पुसून नव्याने लिहावे, ॲप्लिकेशनने ते फक्त प्रॉक्सीच्या पत्त्यावरून आले तरच मानावे, आणि ॲप्लिकेशनचे पोर्ट थेट बाहेर उघडे ठेवू नये. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये सवयीने लिहिलेली पोर्टची एक ओळ हा तिसरा नियम मोडते. मग प्रॉक्सीला वळसा घालून कोणीही आत येते.

शेवटचा प्रश्न पाहणाऱ्याच्या अधिकाराचा. सांख्यांनी पुरुष साक्षी मानला आणि अकर्ता मानला. करणारी ती प्रकृती. स्वयंचलित प्रॉक्सीला हवे असते ते नेमके साक्षित्व, कोण आले आणि कोण गेले एवढेच. डॉकर सॉकेट मात्र पाहणे आणि करणे वेगळे ठेवत नाही. ज्याला सॉकेट वाचता येते त्याला नवा कंटेनर उभा करता येतो, त्यात यजमान सर्व्हरची पूर्ण डिस्क जोडता येते, म्हणजे व्यवहारात तो सर्व्हरचा मालक होतो. सॉकेट 'रीड ओन्ली' जोडल्याने हे टळते असा समज फार पसरला आहे, आणि तो चूक आहे. त्या बंधनाने सॉकेटची फाइल हलवता-पुसता येत नाही. तिच्यातून जाणाऱ्या आज्ञांवर त्याचा काही परिणाम होत नाही. इंटरनेटकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रक्रियेच्या हाती हा अधिकार देणे म्हणजे तिच्यातल्या एका दोषाची किंमत पूर्ण सर्व्हरने मोजणे. ज्या मांडणीत एंजिन-एक्स आणि डॉकर-जेन एकाच कंटेनरमध्ये असतात ती सोपी म्हणून लोकप्रिय आहे, पण चाचणीपलीकडे वापरू नये. एंजिन-एक्स वेगळ्या कंटेनरमध्ये सॉकेटविना ठेवावा, डॉकर-जेन दुसऱ्या कंटेनरमध्ये पोर्ट न उघडता ठेवावा, आणि शक्य असेल तिथे डॉकर-जेन आणि सॉकेट यांच्यामध्ये फक्त वाचनाच्या आज्ञा पुढे जाऊ देणारी छोटी मध्यस्थ प्रॉक्सी बसवावी. तिच्यासाठी एचएप्रॉक्सी या प्रॉक्सी-साधनातले मोजके नियम पुरतात. ट्रेफिकलाही अशा मध्यस्थामार्फतच सॉकेट द्यावा. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कंपोज फाइलमध्ये सॉकेट कोणकोणत्या कंटेनरला जोडला आहे हे एकदा उघडून पाहावे, आणि ज्याला त्याची गरज नाही त्याच्याकडून तो काढून घ्यावा.